नागपुरात घर बांधताय? आधी सूर्याची वाट बघून घ्या

नागपुरात घर बांधायला निघालेला माणूस आधी लेआउट बघतो, मग प्लॉट मंजूर असल्याचं आर.एल. (रिलीज) लेटर आहे का विचारतो, मग बोअरला पाणी किती फुटांवर लागतं त्याची चौकशी करतो. सूर्याची चौकशी सहसा कोणी करत नाही. घर झाल्यावर पहिल्या मे महिन्यात तो स्वतःच ओळख करून द्यायला येतो आणि मग एसी, फॉल्स सीलिंग, काचेवर काळी फिल्म असा खर्च सुरू होतो.

हा लेख पहिल्यांदा घराचा नकाशा काढून घेणाऱ्यांसाठी आहे, आणि आर्किटेक्चरच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षाला असलेल्या मुलामुलींसाठीही. गणित आठवी-नववीच्या पलीकडचं नाही. एक गोष्ट मात्र पक्की धरून चला. पुण्याच्या मासिकातला किंवा दिल्लीच्या पुस्तकातला नियम इथे जसाच्या तसा चालत नाही. नागपूर २१ अंशांच्या थोडं वर, २१.१५ अक्षांशावर आहे. कर्कवृत्त आपल्या उत्तरेला, २३.४ अंशांवर. म्हणजे उन्हाळ्यात काही आठवडे भर दुपारचा सूर्य आपल्या डोक्यावरून पुढे सरकून चक्क उत्तरेला जातो. दिल्लीत असं कधीच होत नाही, तिथे दुपारचा सूर्य बाराही महिने दक्षिणेलाच असतो. एवढ्या एका फरकाने खिडक्यांचा हिशेब बदलतो.

पायरी १: उत्तर स्वतः शोधा

लेआउटच्या नकाशावरच्या बाणावर विसंबू नका. तो बाण बऱ्याचदा रस्त्याला समांतर बसवून दिलेला असतो. मोबाइलचं होकायंत्र चालेल, नागपुरात चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांत अंशभराचाही फरक नाही. पण प्लॉटवर सळ्यांचा ढीग पडलेला असेल, शेजारी लोखंडी गेट असेल, तर ते होकायंत्र खुशाल पंधरा-वीस अंश खोटं बोलतं.

जुनी पद्धत जास्त भरवशाची. सपाट जागेवर एक सरळ काठी ओळंबा धरून उभी रोवा. सकाळी दहाच्या सुमारास सावलीच्या टोकावर खूण करा आणि काठी मध्यभागी धरून, त्या खुणेतून जाणारं वर्तुळ दोरीने आखा. दुपारी सावली आखडत जाईल आणि मग पुन्हा लांबत जाऊन टोक त्याच वर्तुळाला दुसऱ्या बाजूने शिवेल. तिथे दुसरी खूण. दोन खुणा जोडणारी रेघ म्हणजे पूर्व-पश्चिम. तिला काटकोन काढला की उत्तर-दक्षिण. देवळाची दिशा धरायला हीच शंकूची रीत वापरत आले आहेत.

हे करताना एक गंमत लक्षात येईल. सावली सगळ्यात आखूड होते ती घड्याळात बाराला नव्हे. आपली घड्याळं ८२.५ रेखांशावर चालतात आणि नागपूर ७९.१ वर आहे, त्यामुळे सूर्य इथे सरासरी पावणेचौदा मिनिटं उशिरा माथ्यावर येतो. फेब्रुवारीच्या मध्याला तो १२:२८ ला येतो, मेअखेर १२:११ ला, आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला मात्र १२ वाजायच्या तीन मिनिटं आधीच. यापुढे लेखात 'सूर्याचे बारा' म्हटलं की ही वेळ समजा.

पायरी २: वर्षातले चार दिवस पाठ करा

बारा इंचांची पट्टी उभी धरली तर सूर्याच्या बाराला तिची सावली किती पडते ते बघा.

२२ डिसेंबर: पावणेबारा इंचांच्या जरा वर, उत्तरेकडे. सूर्य दक्षिणेला, जमिनीपासून ४५ अंशांवर. तो उगवतो खऱ्या पूर्वेच्या २५ अंश दक्षिणेला आणि मावळतोही तितकाच दक्षिणेला सरकून.

२१ मार्च आणि २३ सप्टेंबर: साडेचार इंचांच्या आसपास, उत्तरेकडेच. सूर्य ६९ अंशांवर, उगवणं-मावळणं बरोबर पूर्वेला-पश्चिमेला.

२६ मे: सावलीच नाही. शून्य सावलीचा दिवस. झिरो माइलच्या दगडी खांबाचीसुद्धा सावली त्या वेळी त्याच्या पायाबाहेर जात नाही. असाच दिवस १७ जुलैच्या सुमारास पुन्हा येतो, पण तेव्हा आभाळ असतं म्हणून कोणाला पत्ता लागत नाही.

२१ जून: अर्धा इंच, आणि तीही दक्षिणेकडे. सूर्य उगवतो पूर्वेच्या २५ अंश उत्तरेला, दिवसभर उत्तरेच्या अंगानेच फिरतो आणि वायव्येकडे झुकून मावळतो.

नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सगळ्यात कडक मानलेले नऊ दिवस, सुरू होतो २५ मेच्या आसपास, आणि शून्य सावली २६ ला. आजी नवतपात घराबाहेर पडू नका म्हणायची ते नक्षत्र बघून, पण हे नक्षत्र आणि नागपूरच्या डोक्यावरचा सूर्य एकाच आठवड्यात येतात. त्या दिवसांत ऊन भिंतींवर कमी आणि छतावर जास्त पडतं. हे वाक्य अधोरेखित करून ठेवा, गच्चीच्या पायरीत लागणार आहे.

आणखी एक. सूर्याचं वर्ष आणि उन्हाळ्याचं वर्ष एकमेकांशी जुळत नाही. १५ ऑक्टोबरला आणि फेब्रुवारीच्या २५-२६ ला सूर्य आकाशात जवळपास त्याच वाटेने जातो. फेब्रुवारीत ते ऊन अंगावर घ्यावंसं वाटतं आणि ऑक्टोबर हीटमध्ये तेच नको होतं. म्हणून पक्क्या काँक्रीटची सावली नेहमी तडजोडीची असते आणि काही भाग हलता ठेवावा लागतो.

पायरी ३: शेजाऱ्याची उंची मोजा

बेसा, मनीषनगर, वर्धा रोडकडच्या लेआउटमध्ये तीस बाय पन्नासचा प्लॉट धरा. बाजूचं मार्जिन पाच-सात फूट. दक्षिणेला शेजाऱ्याचं दुमजली घर २५ फूट उंच. डिसेंबरात भर दुपारी त्याची सावली साधारण तेवढीच, २५ फूट पडते आणि सकाळ-संध्याकाळ त्याहून लांब. म्हणजे तुमच्या तळमजल्याच्या दक्षिण खिडकीत थंडीचं ऊन येणार नाही. ते पहिल्या मजल्यावर मिळेल. मग बसायची-उठायची खोली वर का न्यावी, याचा विचार आत्ताच करा, टाइल्स निवडताना नको.

पश्चिमेला शेजाऱ्याचं उंच घर असेल तर मात्र स्वतःला नशीबवान समजा. लोक उलट तक्रार करतात की हवा अडते. हवेचं बघता येईल. मेमधला चारनंतरचा सूर्य फुकटात अडवून देणारा शेजारी पुन्हा मिळत नाही.

शेजारचा प्लॉट आज रिकामा असेल तर तो भरणार आहे असं धरूनच चला.

पायरी ४: खोल्या मांडा

घर आयताकृती असेल तर लांब बाजू उत्तर आणि दक्षिणेला, आखूड बाजू पूर्व-पश्चिमेला. सूर्य सगळ्यात त्रासदायक असतो तो खाली उतरल्यावर, आणि खाली उतरलेला सूर्य पूर्वेला किंवा पश्चिमेलाच असतो. तिकडची भिंत जितकी कमी तितकं बरं.

पूर्व आणि पश्चिम दोन्हींवर सारखंच ऊन पडतं, मग पश्चिमच का बदनाम? सकाळी आठला भिंत रात्रभर निवलेली असते, हवाही त्या मानाने थंड असते. दुपारी चारला हवा ४४-४५ वर पोचलेली, घर आधीच तापलेलं, आणि त्यावर हे ऊन. शिवाय नऊ इंची विटेची भिंत उष्णता लगेच आत देत नाही, सात-आठ तास घेते. चारचं ऊन रात्री अकरा-बाराला तुमच्या उशाशी पोचतं. पश्चिमेला बेडरूम असलेल्या घरात माणसं रात्री एकला गच्चीवर का जाऊन झोपतात, त्याचं उत्तर हेच.

म्हणून पश्चिमेला जिना, बाथरूम, स्टोअर, कपाटांची भिंत, आणि जमल्यास पार्किंगवरचा पोर्च. बेडरूम पूर्वेला किंवा दक्षिणेला. दिवाणखाना उत्तरेला.

रस्ता पश्चिमेलाच असेल तर? अर्ध्या नागपूरला हा प्रश्न आहे, आणि बरेच जण समोरची बाजू म्हणून तिथेच मोठी काच लावतात. सिव्हिल लाइन्समधले इंग्रजांच्या काळातले बंगले एकदा बाहेरून बघून या. चहूकडून खोल व्हरांडा, त्यामुळे खोलीच्या भिंतीला ऊन शिवतच नाही. आपल्याला चहूकडून परवडणार नाही, पण पश्चिमेच्या एका बाजूला आठ फुटांचा व्हरांडा आणि त्याच्या पुढच्या कडेला विटांची जाळी, एवढं तीस फुटी प्लॉटवरही बसतं. महाल भागातल्या जुन्या वाड्यांनी हेच दुसऱ्या रीतीने साधलं: बाहेरची भिंत जाड आणि बंद, खोल्या आतल्या चौकाकडे उघड्या.

वास्तूचा मुद्दा निघणारच, तर एकदाच बोलून घेऊ. 'दक्षिण नको' हे वाक्य दारापुरतं असेल तर तुमचं तुम्ही बघा. पण दक्षिणेला खिडकीच ठेवायची नाही असा अर्थ काढून लोक पश्चिमेला खिडक्या काढतात, आणि सूर्याच्या हिशेबात दक्षिण ही चार बाजूंपैकी सगळ्यात समजूतदार बाजू आहे. कशी ते पुढच्या पायरीत.

पायरी ५: खिडकी आणि छज्जा

दक्षिण आधी, कारण ती सोपी आहे. २६ मे ते १७ जुलै या काळात नागपुरात दक्षिण भिंतीवर थेट ऊन पडतच नाही, सूर्य दिवसभर उत्तरेकडून जातो. त्याआधीचा महिनाभरही तो इतका उंच असतो की वीतभर छज्जाने काम भागतं. थंडीत मात्र तो खाली येऊन खिडकीतून आत डोकावतो. उन्हाळ्यात बंद, हिवाळ्यात चालू, असं फक्त एका आडव्या फळीने जमतं ते दक्षिणेलाच.

फळी किती बाहेर काढायची? छज्जाच्या खालच्या कडेपासून खिडकीच्या सिलपर्यंतची (खालच्या कडेपर्यंतची) उंची मोजा आणि त्याच्या निम्मा छज्जा द्या. चार फुटांची खिडकी, दोन फुटांचा छज्जा. अशी खिडकी ७ मार्चच्या सुमारास पूर्ण सावलीत जाते आणि ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत सावलीतच राहते. २२ डिसेंबरच्या दुपारी छज्जाची सावली दोन फूट उतरते आणि खालच्या दोन फुटांतून ऊन आत येतं. ऑक्टोबर हीट पूर्ण अडवायची तर सव्वादोन-अडीच फूट लागतील. मी दोन फुटांवर थांबेन आणि ऑक्टोबरचे पंधरा-वीस दिवस पडदा ओढून काढेन, कारण छज्जा वाढवला की थंडीतलं ऊनही तेवढं कमी होतं.

दोन गोष्टी मिस्त्रीला आधीच सांगा. छज्जा खिडकीच्या रुंदीएवढाच काढायची इथे सवय आहे. तो दोन्ही बाजूंना फूट-सव्वा फूट जास्त हवा, नाहीतर सकाळी आग्नेयेकडून आणि दुपारी नैर्ऋत्येकडून ऊन बाजूने घुसतं. आणि छज्जा लिंटलच्या (खिडकीवरच्या आडव्या तुळईच्या) वर सहा इंचांवर गेला तर उंचीत ते सहा इंच धरायचे, नाहीतर सगळा हिशेब चुकतो.

आता पश्चिम. जूनमध्ये घड्याळात सव्वापाचला सूर्य क्षितिजापासून २१ अंशांवर असतो. तीच चार फुटांची खिडकी आडव्या छज्जाने झाकायची तर छज्जा पावणेदहा फूट लागेल. सव्वाचारच्या उन्हासाठीसुद्धा साडेपाच फूट. म्हणजे पश्चिमेला आडवा छज्जा हा पावसासाठी, उन्हासाठी त्याचा फारसा उपयोग नाही. तिथे उभ्या फळ्या लागतात, आणि त्याही तिरप्या. उन्हाळ्यातला मावळता सूर्य पश्चिमेच्या उत्तरेकडून येतो, हिवाळ्यातला दक्षिणेकडून. फळ्या अशा वळवा की त्यांच्यामधून बघताना नैर्ऋत्य दिसावी आणि वायव्य झाकली जावी. अहमदाबादेत वास्तुविशारद ल कॉर्ब्युझिएने १९५४ च्या सुमारास बांधलेल्या मिल ओनर्स असोसिएशनच्या इमारतीत हा फरक उघड दिसतो: पूर्वेकडच्या उभ्या फळ्या भिंतीला काटकोनात, आणि पश्चिमेकडच्या तिरप्या वळवलेल्या. अहमदाबाद २३ अंशांवर, म्हणजे सूर्याच्या हिशेबात आपला जवळचाच भाऊ.

स्वस्तात करायचं तर पश्चिमेची खिडकी लहान ठेवा, उंचावर ठेवा, आणि बाहेरून जाळी किंवा झडपा लावा. भिंतीसाठी कोराडी-खापरखेड्याच्या वीज केंद्रांतल्या राखेच्या विटा सहज मिळतात. त्यांची दुहेरी भिंत करून मध्ये दोन इंच पोकळी सोडली तर रात्रीचा ताप बराच उतरतो. बाहेरून रंग पांढरा किंवा त्याच्या जवळचा. गडद राखाडी रंगाची फॅशन पश्चिमेच्या भिंतीवर आणू नका, कितीही शोभली तरी.

पूर्वेला पश्चिमेचीच उजळणी, पण ढिलाईने.

उत्तरेबद्दल पुस्तकं सांगतात की तिथे ऊन येत नाही, काच हवी तेवढी लावा. नागपुरात मे-जूनमध्ये येतं. सकाळी आणि संध्याकाळी तिरपं येतं, दुपारी भिंतीला घासून जातं. जूनच्या मध्यानंतर ढग येतात, त्यामुळे खरा त्रास चार-पाच आठवड्यांचा. दीड फुटाचा छज्जा आणि खिडकीच्या पश्चिम कडेला एक उभी फळी, एवढं पुरे. बाकी वर्षभर उत्तरेचा उजेड एकसारखा आणि थंड असतो. अभ्यासाचं टेबल, शिलाई मशीन, चित्रं काढायची जागा तिथेच ठेवा.

पायरी ६: पुठ्ठ्याचं घर करून उन्हात धरा

कॉम्प्युटरवर स्केचअपमध्ये नागपूरचं ठिकाण टाकलं की सावल्या फिरताना दिसतात, ते जरूर करा. पण पहिल्या खेपेला पुठ्ठ्याचं घर जास्त शिकवतं, आणि घरातली मोठी माणसंही त्याभोवती बसून मत देतात.

एक फुटाला एक सेंटिमीटर धरा. तीस बाय पन्नासचा प्लॉट तीस बाय पन्नास सेंटिमीटरचा होईल. जाड पुठ्ठ्याच्या पाटावर घर चिकटवा, खिडक्या कापा, छज्जे लावा, शेजाऱ्यांची घरं म्हणून खोके ठेवा. पाटावर उत्तरेचा बाण काढा. आता पाटाच्या मोकळ्या कोपऱ्यात एक कागद चिकटवा आणि त्यावर बरोबर पाच सेंटिमीटर उंच खिळा उभा बसवा. खिळ्याच्या बुडापासून मोजून कागदावर हे ठिपके द्या:

२२ डिसेंबर, सूर्याचे बारा: उत्तरेला ४.९ सेंमी.
२२ डिसेंबर, सूर्याचे सकाळचे नऊ: पश्चिमेला ७, तिथून उत्तरेला ६.५.
२१ मार्च, सूर्याचे बारा: उत्तरेला १.९.
२१ मार्च, सूर्याचे दुपारचे तीन: पूर्वेला ५.४, उत्तरेला १.९.
२१ जून, सूर्याचे दुपारचे चार: पूर्वेला ७, दक्षिणेला १.८.

पाट उचलून उन्हात न्या. तो फिरवत, तिरपा करत करत खिळ्याच्या सावलीचं टोक हव्या त्या ठिपक्यावर आणा. टोक ठिपक्यावर बसलं त्या क्षणी तुमच्या पुठ्ठ्याच्या घरावर त्या तारखेचं, त्या वेळेचं ऊन पडलेलं असतं, बाहेर महिना कोणताही असो. जूनच्या चारचा ठिपका धरून पश्चिमेच्या खिडकीतून आत बघा. उजेडाचा एक पट्टा खोलीत खोलवर आत गेलेला दिसेल. बोटाने पुठ्ठ्याची पट्टी धरून छज्जा थोडा लांबवा, पट्टा फारसा हलत नाही. मग तीच पट्टी उभी धरून जरा वळवा, पट्टा तुटतो. उभी फळी का, ते सांगावं लागत नाही.

मार्चचे दोन ठिपके पुन्हा बघा: दोन्ही उत्तरेला १.९. त्या दिवशी सावलीचं टोक दिवसभर एका सरळ पूर्व-पश्चिम रेघेवरून चालतं. त्यामुळेच २१ मार्चला दक्षिण भिंतीवर छज्जाची सावली सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकाच उंचीवर टिकते. छज्जा तपासायला यापेक्षा सोयीचा दिवस नाही.

पायरी ७: गच्ची

खरं तर ही पायरी पहिली हवी होती. मे-जूनच्या दुपारी सूर्य गच्चीवर जवळजवळ काटकोनात पडतो. स्लॅब चार-पाच इंचांचा, त्यातून उष्णता तीन-चार तासांत खाली येते, आणि वरच्या मजल्यावर संध्याकाळी पंखा लावला की गरम हवा अंगावर फेकतो. पैसे मोजकेच असतील तर ते आधी गच्चीवर घाला, नंतर पश्चिमेला, आणि मग उरले तर बाकीकडे.

सगळ्यात स्वस्त म्हणजे दर मार्च महिन्यात चुन्याचा पांढरा हात. पावसात बराचसा धुऊन जातो, पण तोवर काम झालेलं असतं. कूल रूफचा तयार पेंट महाग पडतो आणि जास्त टिकतो. धूळ बसली की त्याचाही गुण कमी होतो, म्हणून उन्हाळ्यात गच्ची मधूनमधून धुवावी लागते. नवं घर बांधताय तर विटांच्या तुकड्यांचा कोबा आणि त्यावर पांढऱ्या फुटक्या टाइल्सचा चायना मोझॅक हा माझ्या मते सगळ्यात चांगला सौदा. वॉटरप्रूफिंग आणि ऊन दोन्ही एकात भागतं. वास्तुविशारद बाळकृष्ण दोशींनी अहमदाबादेतल्या आपल्या 'संगथ' या स्टुडिओच्या कमानदार छतांवर हेच पांढरे तुकडे लावले आहेत.

सोलर पॅनेल बसवणार असाल तर तेही सावलीचं साधन धरा. दक्षिणेकडे तोंड, साधारण वीस अंश उतार, आणि खाली माणूस वावरेल एवढी उंची. मग पॅनेलखालचा स्लॅब दिवसभर सावलीत राहतो आणि खालून वाराही वाहतो. पॅनेल कुठे येणार ते ठरवूनच पाण्याची टाकी आणि जिन्याचा टॉवर ठेवा. टॉवर दक्षिणेला उभा केला की थंडीत पॅनेलवर त्याचीच सावली पडते. टॉवर पश्चिम किंवा वायव्य कोपऱ्यात असलेला बरा.

पायरी ८: हलती सावली, झाडं आणि कूलर

अबुधाबीत अल बहर टॉवर्स नावाच्या दोन इमारती आहेत, २०१२ मध्ये पूर्ण झालेल्या. त्यांच्या बाहेरच्या अंगाला छत्रीसारख्या उघडमिट करणाऱ्या जाळ्या आहेत आणि सूर्य जसा फिरतो तशा त्या कॉम्प्युटरच्या हुकमाने मिटतात. आपल्याकडे हेच काम बांबूची चिक करते, हुकूम घरातल्या माणसाचा. दुपारी एकला पश्चिमेची चिक सोडायची, सातला गुंडाळायची.

फक्त ती बाहेरून हवी. काचेच्या आतल्या पडद्याने ऊन डोळ्यांना दिसत नाही इतकंच. काचेतून आत आलेली उष्णता पडद्यावर तापून खोलीतच राहते. बाहेर अडवलेलं ऊन बाहेरच निवतं. हाच नियम हिरव्या नेटला: गच्चीवर स्लॅबपासून सहा-सात फूट उंच बांधा, स्लॅबवर नुसती पसरू नका.

झाड लावताना त्याची पानं कधी गळतात ते आधी बघा. बहावा दिसायला देखणा, पण एप्रिल-मेमध्ये तो फुलांनी भरतो आणि पानांनी रिकामा असतो. गुलमोहरही ऐन मार्च-एप्रिलमध्ये उघडा पडतो. पश्चिमेला करंज किंवा कडुनिंब लावा. दोघांचीही पानगळ लवकर आटोपते आणि एप्रिलच्या उन्हात नवी पालवी तयार असते. दक्षिणेला उंच सदाहरित झाड नको, तिथलं थंडीचं ऊन तुम्हालाच हवं आहे.

आणि कूलर. नागपूरच्या नकाशात तो कधीच दाखवलेला नसतो, आणि एप्रिलमध्ये मात्र घरातली सगळ्यात चांगली खिडकी अडवून बसतो. त्याची खिडकी वेगळी काढा: उत्तरेला किंवा पूर्वेला, छज्जाच्या सावलीत, सिल कूलरच्या तोंडाच्या उंचीवर, बाजूला पाण्याचा नळ आणि प्लग. उन्हात उभा असलेला कूलर आधी स्वतःची तापलेली टाकी थंड करत बसतो. समोरच्या भिंतीत हवा बाहेर जायला दुसरी खिडकी हवीच, नाहीतर तासाभरात खोली चिकट होते.

पायरी ९: स्लॅब ओतायच्या आधीची फेरी

सेंटरिंग (स्लॅब ओतायचा साचा) लागलं की टेप घेऊन साइटवर जा. छज्जाची लांबी, बाजूचा जादा फूट, लिंटलपासूनचं अंतर, हे तिन्ही तेव्हाच मोजा. ओतल्यावर ठेकेदार "चालते ना भाऊ, दोन-चार इंचानं काय होते" म्हणणार आणि दोन-चार इंचांनी काय होतं ते तुम्ही आता जाणता. पश्चिमेच्या प्रत्येक खिडकीच्या वर चिकसाठी दोन लोखंडी हुक, आणि खाली ती ताणून बांधायला दोन. पॅरापेटमध्ये (गच्चीच्या कठड्यात) नेटसाठी दर सहा-सात फुटांवर एक जाड कडी, सळईला बांधून काँक्रीटमध्येच घातलेली. प्लास्टर झाल्यावर ड्रिल मारून बसवलेली कडी एप्रिल-मेच्या पहिल्या वादळात नेटसकट शेजारच्या प्लॉटवर जाते.